‘संशोधनातून सिद्ध झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

गोव्याच्या नकाशावर संशोधन जिथे जिथे चालतं तिथे टिंबं काढत गेलं, तर एवढ्याशा राज्यात ती किती दाटीवाटीने बसतात ते दिसतं. दोनापावलला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ. वास्कोला सड्यावर ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र, जिथून अंटार्क्टिकाच्या मोहिमा आखल्या जातात. जुन्या गोव्यात कृषी संशोधन परिषदेची संस्था, बांबोळीला वैद्यकीय महाविद्यालय, झुआरीनगरला बिट्स, फर्मागुडीला आयआयटी, कुंकळ्ळीला एनआयटी, साखळीला व्यवस्थापनाची संस्था. गोव्यातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी यातल्या एखाद्या ठिकाणी शिकतं, शिकवतं किंवा नोकरी करतं.

तरीही घरात कुणी विचारलं, ‘तू तिथे नेमकं करतेस तरी काय गो?’, की पीएचडी करणारी मुलगी दोन वाक्यांत अडखळते. आणि सकाळच्या पेपरात ‘संशोधनातून सिद्ध’ असं छापून आलं की तेच घर एक तर त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतं, नाही तर ‘रोज नवीन काहीतरी सांगतात’ म्हणून पान उलटतं. या दोन्हींच्या मधली एक वाट आहे. ती सामान्य वाचकाला जमण्यासारखी आहे, आणि ती जमायला हवी असं मला फार मनापासून वाटतं. कारण हे सगळं संशोधन मुख्यतः आपल्या करातून चालतं आणि त्यातूनच उद्याची औषधं, पूल, पाठ्यपुस्तकं आणि किनाऱ्याचे नियम ठरतात.

सुरुवातीलाच मुख्य गोष्ट सांगतो. शोधनिबंध हा कोर्टाच्या निकालासारखा शेवटचा शब्द नसतो. ‘मी हा प्रश्न घेतला, अशा पद्धतीने तपासला, मला हे दिसलं, आता तुम्ही तपासा’ असं चारचौघांत मांडलेलं ते म्हणणं असतं. विषय कुठलाही असो, आपली चूक दुसऱ्याला सापडावी यासाठी संशोधकाने जितकी पक्की सोय करून ठेवली असेल, तितकं ते काम भरवशाचं.

खाजनातला एक प्रश्न

‘खाजनात (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या सखल शेतात) कुठलं भात लावावं?’ हा शेतकऱ्याचा प्रश्न झाला. संशोधकाला तो आणखी बारीक करावा लागतो: बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं, तर आपल्या जुन्या कोरगुट भातापेक्षा अमुक जात हेक्टरी जास्त दाणा देते का? हा प्रश्न कल्पनेतला नाही. जुन्या गोव्याच्या संस्थेने कोरगुटमधूनच निवड करून खारेपणा सोसणाऱ्या ‘गोवा धान’ नावाच्या जाती तयार केल्या आहेत.

आता हे तपासायचं कसं? समजा, नवी जात मानशीपासून (खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारापासून) लांबच्या भागात लावली आणि कोरगुट मानशीला लागून. पीक आल्यावर नव्या जातीने बाजी मारली. हा गुण जातीचा की जागेचा? मानशीजवळ मीठ जास्त, लांब कमी. शेतकऱ्यालाही हे कळतं, पण संशोधकाला ते सिद्ध करून दाखवावं लागतं. म्हणून तो शेताचे छोटे छोटे वाफे पाडतो आणि कुठल्या वाफ्यात कुठली जात जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरवतो. स्वतः ठरवत नाही. स्वतः ठरवलं तर आवडत्या जातीला नकळत चांगली जागा दिली जाते, आणि ही चूक नजरेतून सुटतेही. चिठ्ठीला आवडनिवड नसते. शिवाय प्रत्येक जात एकाच वाफ्यात न लावता अनेक वाफ्यांत लावली जाते, म्हणजे एखाद्या वाफ्यात खेकड्यांनी रोपं कापली तरी सगळा हिशोब कोलमडत नाही. आणि कोरगुट मुद्दाम सोबत ठेवलं जातं, तुलनेसाठी. तुलनेला ठेवलेल्या या गटालाच कंट्रोल म्हणतात. कंट्रोल नसेल, तर ‘एवढं पीक आलं’ या वाक्याला अर्थच उरत नाही. कशापेक्षा एवढं?

ही पद्धत इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड इथल्या शेतीसंशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात बसवली. नंतर तीच औषधांच्या चाचण्यांत गेली आणि शाळांच्या प्रयोगांतही. औषधाचा दवाखान्यातला प्रयोग आणि भाताचा वाफ्यातला प्रयोग, दोघांचा सांगाडा एकच आहे.

पीक मोजलं, नवी जात थोडी पुढे निघाली. तरी एक शंका राहतेच. हा फरक योगायोगाचा तर नाही? इथे संख्याशास्त्र येतं आणि इथेच बहुतेक वाचक गोंधळतात. संशोधक असं धरून चालतो की दोन्ही जातींत मुळात काहीच फरक नाही. मग तो हिशोब करतो: तसं असतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती? ती शंभरात पाचपेक्षा कमी असेल तर ‘फरक लक्षणीय आहे’ असं लिहायची रीत आहे. पी-व्हॅल्यू म्हणतात ती हीच. पाच टक्के ही रेघ निसर्गाने आखलेली नाही. फिशर यांनी ती सोयीची म्हणून सुचवली आणि रूढ झाली. ‘पी-व्हॅल्यू पाच टक्क्यांच्या आत आली, म्हणजे निष्कर्ष पंचाण्णव टक्के खरा’ हा अर्थ चुकीचा आहे. चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही तो वरचेवर ऐकायला मिळतो.

या रेघेत एक खड्डा आहे. समजा, संशोधकाने एकाच शेतात उंची, फुटवे, दाण्याचं वजन, पानांचा रंग अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस गोष्टी मोजल्या आणि खरा फरक एकाही गोष्टीत नाही. तरी त्यातल्या किमान एकीत ‘लक्षणीय’ फरक दिसण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. त्याने ती एकच गोष्ट निबंधात लिहिली आणि बाकीच्या एकोणीस दडवल्या, तर खोटा आकडा एकही न लिहिता खोटा निष्कर्ष छापून येतो. म्हणून काय मोजणार हे प्रयोग सुरू करण्याआधीच जाहीर करण्याची पद्धत आता पडते आहे. औषधांच्या चाचण्यांसाठी भारतात तशी सरकारी नोंदणीच आहे.

कांदोळीचा फारिया

पणजीत जुन्या सचिवालयाजवळ एका बाईवर हात रोखून उभा असलेला पुतळा आहे. तो आबे फारिया यांचा, जन्म कांदोळीचा, १७५६ सालचा. संशोधनात डोळ्यांवर पट्टी का बांधतात हे समजायला यांच्या काळाइतकी चांगली जागा नाही.

फारिया पॅरिसला पोचण्याआधी तिथे मेस्मर नावाच्या वैद्याने धुमाकूळ घातला होता. शरीरात एक अदृश्य चुंबकीय प्रवाह असतो, तो आपल्या हाताने वळवता येतो आणि रोग बरे होतात, असं त्याचं म्हणणं. लोकांना खरोखर झटके येत, भोवळ येई, काहींना बरंही वाटे. फ्रान्सच्या राजाने १७८४ साली चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्राचे लाव्हॉझिए होते. समितीने साधी युक्ती केली. बागेतल्या एका झाडात तो प्रवाह सोडायला लावला आणि डोळे बांधलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाला एकेका झाडापाशी नेलं. मुलगा भोवळ येऊन पडला, पण भलत्याच झाडापाशी. प्रवाह सोडलेलं झाड बरंच लांब होतं. म्हणजे झटका खरा होता, कारण मात्र सांगितलेलं नव्हतं.

समितीने ‘ही सगळी कल्पनाशक्तीची करामत’ म्हणून विषय मिटवला. फारियांनी १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रात्यक्षिकं करत वेगळा प्रश्न विचारला: नुसत्या कल्पनेने एवढा परिणाम होत असेल, तर कल्पनाच अभ्यासायला हवी ना? प्रवाह वगैरे काही नाही, जे घडतं ते समोरच्या माणसाच्या मनातून आणि सूचनेतून घडतं, हे त्यांनी ठामपणे मांडलं. हयातीत त्यांची थट्टाच जास्त झाली. पण संमोहनाच्या पुढच्या अभ्यासाने त्यांचीच दिशा धरली.

आज औषधाच्या चाचणीत अर्ध्या लोकांना खरी गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी देतात. कुणाला कुठली मिळाली हे रोग्याला माहीत नसतं आणि डॉक्टरलाही नसतं. कारण बरं वाटण्यातला एक भाग ‘मला औषध मिळालं’ या भावनेचा असतो, आणि डॉक्टरची आशाही नोंदवहीत उतरते. बांबोळीला एखाद्या चाचणीत भाग घ्याल तेव्हा ‘तुम्हाला कुठली गोळी मिळेल ते सांगता येणार नाही’ असं संमतिपत्रात वाचायला मिळेल, त्याचं मूळ हे.

समुद्राला चिठ्ठी टाकता येत नाही

वाफे पाडता येतात, रोग्यांचे गट करता येतात. अरबी समुद्र दोन सारख्या तुकड्यांत कापून एकाला हवामानबदल आणि दुसऱ्याला जुनंच हवामान देता येत नाही. तिथे संशोधनाचा मार्ग वेगळा: एकाच जागी परत परत जाणं.

पुन्हा कांदोळीच. तिथल्या किनाऱ्यापासून थोडं आत, पंचवीस-तीस मीटर खोलीच्या पाण्यात, समुद्रविज्ञान संस्थेचे लोक १९९७ पासून मोजमापं घेत आले आहेत. पावसाळ्यात काय होतं? खोल समुद्रातलं प्राणवायू कमी असलेलं थंड पाणी वर सरकत किनाऱ्याकडे येतं. वरून पावसाचं आणि नद्यांचं गोडं, हलकं पाणी झाकणासारखं बसतं, त्यामुळे हवेतला प्राणवायू खाली पोचत नाही. तळाशी कुजणाऱ्या पदार्थांमुळे उरलासुरला प्राणवायू खर्च होतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाच्या पाण्यात सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. याच संस्थेच्या वैज्ञानिकांनी २००० साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या या पाण्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणावर हवेत जातो. वजनास वजन घेतलं तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट तापवणारा आहे.

एका वर्षाच्या आकड्यांवरून यातलं फारसं काही सांगता आलं नसतं. एखादा पावसाळा वेगळाच असतो. वर्षानुवर्षं होडी काढून, तेच पाणी त्याच खोलीवरून उपसून, बाटल्या भरून आणणं हे कंटाळवाणं काम आहे, त्याची बातमी होत नाही, आणि त्यासाठी अनुदान मिळवणंही सोपं नसतं. माझ्या मते गोव्यात होणाऱ्या संशोधनातलं सगळ्यात मोलाचं काम या जातीचं आहे.

समुद्रावर थेट प्रयोग करून पाहण्याचाही एक मोठा प्रयत्न दोनापावलच्या संस्थेने केला. कल्पना अशी: दक्षिण महासागरात लोह कमी आहे. तिथे लोह टाकलं तर सूक्ष्म वनस्पती फोफावतील, त्या हवेतला कार्बन शोषतील, मरून तळाशी जातील आणि कार्बन कायमचा गाडला जाईल. २००९ च्या सुरुवातीला जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेसोबत ‘पोलरश्टेर्न’ जहाजावरून सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह मिसळलं गेलं. या मोहिमेचं नाव लोहाफेक्स. पर्यावरणाचा मुद्दा काढून तिला विरोधही बराच झाला होता.

झालं काय? वनस्पती वाढल्या, पण कोपेपॉड नावाच्या बारीक कवचधारी जीवांनी त्या खाऊन टाकल्या. तळाकडे कार्बन फारसा गेलाच नाही. डायटम नावाच्या वनस्पतींचं कवच सिलिकेचं असल्यामुळे त्या सहजासहजी खाल्ल्या जात नाहीत, पण त्या पाण्यात सिलिका जवळजवळ नव्हती म्हणून डायटम वाढले नाहीत. याआधी २००४ साली सिलिका असलेल्या पाण्यात झालेल्या अशाच प्रयोगात मात्र वाढलेल्या वनस्पतींपैकी निदान अर्धा भाग खूप खोल बुडाल्याचं दिसलं होतं. दोन प्रयोग, दोन उलटी उत्तरं. ‘वैज्ञानिकांचंच एकमत नाही’ असं म्हणून हात झटकण्यासारखं यात काही नाही. दोन्ही मिळून एक नेमकी गोष्ट सांगतात: लोह टाकून कार्बन गाडता येईल की नाही हे त्या पाण्यात आणखी काय आहे यावर ठरतं. ‘झालं नाही’ हे उत्तर जगाला सांगितलं गेलं, म्हणून दुसऱ्या कुणाला तोच खर्च पुन्हा करायला नको.

शाळा, गिरण्या आणि पूल

माणसांवरचं संशोधन आणखी कठीण, कारण माणसाला आपल्याकडे कुणी पाहतंय हे कळतं आणि तो वागणं बदलतो. तरीही चिठ्ठीची युक्ती इथेही चालते. मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ संस्थेचा बालसखी कार्यक्रम होता. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर नेऊन वस्तीतलीच एक तरुणी त्यांना वाचन आणि हिशोबाचा पाया शिकवायची. कुठल्या शाळेत कुठल्या इयत्तेला बालसखी द्यायची ते चिठ्ठीने ठरलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा निबंध २००७ साली आला. मुलांचे गुण वाढले, आणि सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात मागे असलेल्यांना झाला. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने त्या वाढीतला बराचसा भाग ओसरला होता, हेही त्याच निबंधात लिहिलेलं आहे. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते गरिबीवर अशा प्रयोगांनी काम केल्याबद्दल.

व्यवसायाच्या अभ्यासातलं एक उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. तारापूर आणि उंबरगाव भागातल्या १७ कंपन्यांच्या २८ कापड गिरण्यांवर निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. काही गिरण्यांना सल्लागार फुकट दिले: सुताचा साठा नीट लावा, यंत्र बिघडण्याआधी देखभाल करा, बिघाडाची रोज नोंद ठेवा. सल्ला अंमलात आणलेल्या गिरण्यांची उत्पादकता पहिल्याच वर्षी १७ टक्क्यांनी वाढली. तेच संशोधक काही वर्षांनंतर पुन्हा गेले तेव्हा अंगीकारलेल्या पद्धतींपैकी जवळजवळ निम्म्या सोडून दिलेल्या दिसल्या, तरी या गिरण्या इतरांच्या पुढेच होत्या. २८ हा आकडा लहान आहे. तारापूरच्या कापडाचं गोव्यातल्या हॉटेलला किंवा काजू कारखान्याला जसंच्या तसं लागू होईल असं कुणी म्हणू नये.

आणि सगळं मोजायचंच असतं असंही नाही. रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीवर) जाणारे तरुण कमी का झाले, हा प्रश्न टक्केवारीत मावत नाही. तिथे संशोधक वीस-पंचवीस लोकांशी तासन्‌तास बोलतो आणि त्यांच्या बोलण्यातून कारणांचं जाळं उलगडतो. अशा कामात ‘फक्त पंचवीस लोक?’ हा आक्षेप चुकीचा ठरतो. तिथे विचारायचा प्रश्न असा: ही माणसं कशी निवडली, आणि संशोधकाच्या मताविरुद्ध बोलणारं त्यात कुणी होतं का?

इंजिनिअरिंगमध्ये उत्तर तपासणारा शेवटी काळच असतो. मांडवीवरचा १९७० साली खुला झालेला पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, हे गोव्यातल्या एका पिढीला नीट आठवतं. समुद्राच्या हवेतलं आणि पाण्यातलं क्लोराइड काँक्रिटमधून झिरपत पोलादापर्यंत पोचतं आणि आतून गंज धरतो, बाहेरून मात्र पूल धडधाकट दिसतो. पन्नास वर्षं थांबून पाहणं शक्य नसल्याने प्रयोगशाळेत काँक्रिटचे ठोकळे जास्त खाऱ्या पाण्यात ठेवून ही क्रिया वेगाने घडवतात. त्या वेगवान प्रयोगातून खऱ्या पुलाचं आयुष्य किती अचूक सांगता येतं, हा आजही अभ्यासाचा विषय आहे.

छापून येतं म्हणजे काय होतं

आपलं निरीक्षण छापून जगापुढे ठेवण्याची गोव्याची परंपरा जुनी आहे. १५६३ साली गार्सिया द ऑर्ता या वैद्याचं भारतीय औषधी वनस्पतींवरचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. ग्रीक-रोमन ग्रंथांत लिहिलेलं आणि आपण इथे डोळ्यांनी पाहिलेलं यांत फरक दिसला की तो ते सांगतो. चार वर्षांत त्याचा लॅटिन अवतार निघाला आणि युरोपभर तपासला, वापरला गेला. संशोधनाची नियतकालिकं, म्हणजे जर्नलं, सुरू झाली ती त्यानंतर शंभर वर्षांनी, १६६५ मध्ये.

आज निबंध जर्नलकडे गेला की संपादक तो त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवतो. लेखकाला बहुधा त्यांची नावं कळत नाहीत. ते पद्धत तपासतात, आक्षेप काढतात, प्रयोग पुन्हा करायला सांगतात. याला पीअर रिव्ह्यू म्हणतात, आणि या कामाचे पैसे सहसा मिळत नाहीत. ही पद्धत वाटते तितकी जुनी नाही. ‘नेचर’ने ती सक्तीची केली १९७३ मध्ये. आइनस्टाइन यांनी १९३६ साली नेथन रोझेन यांच्यासोबत ‘गुरुत्वीय लहरी असूच शकत नाहीत’ असा निबंध अमेरिकेतल्या एका जर्नलला पाठवला. संपादकाने तो परीक्षकाला दाखवला, परीक्षकाने चूक काढली, आणि आइनस्टाइन रागावले की न विचारता दाखवलाच का. निबंध त्यांनी परत घेतला. पण १९३७ मध्ये दुसरीकडे छापला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. २०१५ मध्ये त्या लहरी यंत्रांनी प्रत्यक्ष टिपल्या.

परीक्षक काय करू शकत नाही तेही लक्षात ठेवायला हवं. तो प्रयोगशाळेत येऊन बसत नाही. आकडे कुणी घरी बसून रचले असतील, तर कागदावरून ते ओळखणं अवघड. १९९८ साली ‘लॅन्सेट’सारख्या नामांकित जर्नलमध्ये १२ मुलांवरचा एक निबंध आला आणि त्यातून गोवरासह तीन रोगांवरच्या लसीमुळे स्वमग्नता येते ही भीती जगभर पसरली. डेन्मार्कमध्ये पाच लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तसा संबंध दिसला नाही. लॅन्सेटने तो निबंध मागे घेतला २०१० मध्ये. मधल्या बारा वर्षांत किती पालकांनी मुलांना लस दिली नाही, याचा विचार केला की मन अस्वस्थ होतं.

निबंध मागे घेतला गेला की लोकांना वाटतं, पाहा, विज्ञान खोटं निघालं. मला तर त्या व्यवस्थेवरचा विश्वास अशा वेळी वाढतो. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रयोग वेगवेगळ्या गटांनी पुन्हा करून पाहिले, तेव्हा केवळ ३६ टक्क्यांत मूळ प्रकारचा लक्षणीय निकाल मिळाला. ही नाचक्की त्या विषयातल्या लोकांनी स्वतः शोधून स्वतः छापली.

काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. बढती हवी, निबंध दाखवा. नोकरी हवी, निबंध दाखवा. या रेट्यातून पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलं उगवली. ‘चार दिवसांत स्वीकृती’ असं सांगणाऱ्या ईमेल महाविद्यालयातल्या प्रत्येक शिक्षकाला येतात. जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका घातलेला एक बनावट निबंध ३०४ जर्नलांना पाठवला, १५७ जणांनी तो स्वीकारला. ते २०१३ साल होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नलं काढली, नंतर केअर नावाची नवी यादी केली आणि २०२५ मध्ये तीही बंद करून निवड संस्थांवर सोपवली. पीएचडीचा प्रबंध देण्याआधी निबंध छापलेला असलाच पाहिजे ही अट आयोगाने २०२२ च्या नियमांत काढून टाकली, ते फार चांगलं केलं. पंचविशीतल्या, फेलोशिपवर दिवस काढणाऱ्या मुलीने स्वतःच्या खिशातून पैसे भरून नाव छापून घ्यावं, हे कुठल्याही समाजाला शोभणारं नाही.

नाव मोठं म्हणून

दामोदर धर्मानंद कोसंबी हे गोव्यात जन्मलेले गणिती. इतिहासकार म्हणून आपण त्यांना जास्त ओळखतो. १९४० च्या दशकात त्यांनी जनुकशास्त्रासाठी एक छोटं सूत्र दिलं. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत, हे संततीत त्यांची किती वेळा ताटातूट झाली यावरून काढायचं ते सूत्र. आज जगात कुठेही भाताचा जनुकीय नकाशा काढताना ‘कोसंबी फंक्शन’ हा पर्याय समोर असतो. याच कोसंबींनी १९५९ मध्ये कृषी संख्याशास्त्राच्या एका जर्नलमध्ये गणितातला अतिशय कठीण असा रीमानचा प्रश्न सोडवल्याचा दावा मांडला. तो टिकला नाही. माणूस तोच, बुद्धी तीच. सूत्र लोकांनी वापरून पाहिलं आणि ते उपयोगी ठरलं. सिद्धता लोकांनी तपासली आणि ती अपुरी निघाली. दोन्ही वेळा कोसंबींच्या नावाला कुणी विचारलं नाही.

म्हणून बातमीत ‘अमुक विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी’ असं वाचलं तर तिथे थांबू नये. समजा बातमी आली, ‘अमुक पदार्थ खाल्ल्याने आजाराचा धोका दुप्पट’. आधी बघा, दुप्पट म्हणजे कितीवरून किती. दहा हजारांत एकावरून दोन झाले तरी दुप्पटच. मग बघा, हा अभ्यास माणसांवर झाला की उंदरांवर. तो पदार्थ खाणारे लोक आणखी कशात वेगळे होते का, जसं जास्त दारू पिणारे, कमी झोपणारे. तुलनेला कोण होतं. पैसे कुणी दिले. आणि हे दुसऱ्या कुणाला पुन्हा दिसलं का. एवढं बातमीत बहुधा नसतं, मूळ निबंधात मात्र असतं.

मूळ निबंध मिळवणं पूर्वी श्रीमंत ग्रंथालयांचं काम होतं. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये खर्चून ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नलं सरकारी उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली आहेत. तुमचं मूल एखाद्या सरकारी महाविद्यालयात असेल तर त्याला विचारा. भारतीय विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध ‘शोधगंगा’वर कुणालाही फुकट वाचता येतात, मराठीतलेसुद्धा. समुद्रविज्ञान संस्थेचंही स्वतःचं भांडार इंटरनेटवर आहे.

वाचताना क्रम उलटा ठेवा. सारांशात लेखक आपली सगळ्यात चांगली बाजू मांडतो, तो शेवटी वाचला तरी चालेल. आधी पद्धतीचा भाग उघडा आणि किती, कोण, कुठे, तुलनेला काय हे शोधा. मग शेवटाकडे जाऊन मर्यादांचा परिच्छेद वाचा. तिथे लेखकाने आपलं काम कुठे कच्चं आहे ते नेमकं सांगितलं असेल, तर बाकीची पानं वाचायला वेळ द्या.